वेगळी ताटली

उमाबाईंनी पदराआडून पांढरी डबी काढली आणि काउंटरवर ठेवली. ओळखीचं दुकान टाळून त्या मुद्दाम स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये आल्या होत्या.

दुकानदारानं डबी फिरवून पाहिली. "माताजी, ये एचआईवी की दवा है. सरकारी अस्पताल से फ्री मिलती है. किसकी है?"

"पड़ोसी की," म्हणत उमाबाईंनी डबी ओढून घेतली.

डबी अजेयच्या बॅगेत सापडली होती, टिफिन काढताना. एकुलता एक मुलगा, देवासच्याच एका कारखान्यात सुपरवायझर. दिवाळीनंतर कृतिका नावाची चांगली मुलगी सांगून आली होती. पत्रिकाही जुळत होती. पण अजेय म्हणाला, "नको आई. आत्ता या घरात कोणाला आणायला नको." तेव्हा उमाबाईंना त्याचा अर्थ लागला नव्हता. आता लागला.

दुपारी अजेयचे बाबा, विश्वासराव, वाचनालयात गेले होते. उमाबाईंनी डबी अजेयसमोर धरली.

"कोणत्या बाईच्या नादी लागून झालं हे?"

अजेयचा चेहरा उतरला. 

"बाई नव्हती, आई."

उमाबाईंनी डबी खाली ठेवली. असं काही असतं, हे त्यांनी ऐकलं होतं. टीव्हीवर पाहिलंही होतं. पण ते दुसऱ्यांच्या घरी असतं.

"तुझ्या बाबांना कळलं तर..."

"बाबांशी यातलं काही बोलू नकोस. माझी शपथ आहे. योग्य वेळ आली की मीच सगळं सांगीन."

त्या बोलल्या नाहीत. तसंही विश्वासरावांशी अलीकडे बोलणं राहिलंच कुठे होतं? शाळेपासूनचा त्यांचा मित्र मालोजी वारला आणि ते मिटूनच गेले. पाठोपाठ स्वतः आजारी पडले. इंदूरच्या इस्पितळात अजेयनं रात्रंदिवस त्यांची सेवा केली होती. असा पोरगा, आणि त्याच्या नशिबी हे! उमाबाई देवापुढे बसून रडत.

पण भीती मायेहून चिवट निघाली. अजेयचं ताट-वाटी-भांडं त्यांनी वेगळं काढलं. उकळत्या पाण्यानं धुऊन ते खिडकीत वेगळं पालथं घालू लागल्या.

पहिल्याच रात्री विश्वासरावांनी विचारलं, "ही ताटली वेगळी का?"

"त्याला सर्दी आहे. तुम्हाला नको लागायला."

विश्वासराव त्या ताटलीकडे बघत राहिले. मग भरल्या ताटावरून उठले आणि आपलं ताट स्वतः घासायला बसले. सबंध संसारात त्यांनी कधी कप विसळला नव्हता. ह्यांना संशय आला, असं उमाबाईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी अजेय स्वयंपाकघरात आला. "आई, जेवणा-खाण्यानं लागत नाही ते. एका भांड्यातलं पाणी प्यायल्यानंही नाही. गोळ्या नीट घेतल्या तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. धारच्या सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनी सगळं समजावलंय मला. ते खिडकीतलं उचल ना."

त्याचा आवाज इतका दुखावलेला होता, की उमाबाईंना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी ताटली धुतली आणि इतर ताटल्यांत ठेवून दिली.

"धारला कशाला जातोस?"

"इथे सगळे ओळखीचे. तिथे कोणी विचारत नाही."

"पुढच्या वेळी मी येते."

अजेय दचकला. मग हळूच म्हणाला, "चल. मॅडमसमोर तुझ्याशी बोलायचंही आहे."

निघायच्या दिवशी विश्वासराव न सांगता बसस्टँडपर्यंत आले. त्यांनी खिडकीतून पाण्याची बाटली दिली. काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बस हलली. उमाबाईंनी मागे वळून पाहिलं, तर ते तिथेच उभे होते.

दवाखान्यातल्या बाकावर दोन किन्नर शेंगदाणे खात बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा केली. "आओ अम्मा, बैठो." उमाबाई आधी अवघडल्या, मग बसल्या. पलीकडे गंधवानी गावाकडचा एक तरुण आपल्या जोडीदाराच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला होता. जोडीदार त्याला वारा घालत होता. उमाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. बघता बघता मनातलं काहीतरी सैल झालं.

"अजू, ऐक," त्या म्हणाल्या. "मला राग आला होता. तू लपवलंस त्याचा. पण माणूस भीतीपोटीच लपवतो ना? जो जसा जन्मला तसा जन्मला. त्यात पाप कसलं? आणि आजार काय कोणी मुद्दाम बोलावतं? आपल्या घरात कोणाला तोंड लपवून जगायला लागू नये. मी आहे ना."

अजेयच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यानं आईचा हात घट्ट धरला.

"आई, हे सगळं, असंच्या असं, बाबांना म्हणशील?"

"म्हणेन की. त्यांना मी समजावीन. कितीही चिडले तरी तुला घराबाहेर नाही काढायचे ते."

 तेवढ्यात दार उघडून शिवांगी मॅडम बाहेर आल्या आणि उमाबाईंकडे पाहून मायेनं हसल्या.

"आइए, उमाजी. पहले आराम से बात करेंगे. फिर आप हाँ कहें, तो आपकी जाँच."

"माझी?" उमाबाई गोंधळून अजेयकडे वळल्या. "माझी कशाला?"

अजेयनं त्यांचा हात सोडला नाही.

"गोळ्या बाबांच्या आहेत, आई."