तिसरी टाइल

"काका, पाइप शोधताय की बाथरूम पाडताय?" चौथ्या मजल्यावरच्या बाई ओरडल्या. दोन टाइल्स फोडल्या, तरी आतली भिंत कोरडी ठणठणीत. सगळा घोळ माझ्या म्हाताऱ्या कुत्र्याचा! माझे कान अधू झाल्यापासून इमारतीतली गळती तोच ऐकतो, हे कुणालाच ठाऊक नाही. भिंतीआड पाणी वाजलं की तो तिथे पंजा मारतो, मी छिन्नी लावतो, त्याला बिस्किट मिळतं. आज मात्र साहेब वाटेल तिथे पंजा मारून माझ्या खिशाकडे बघत होते. "गाढवा, नोकरी घालवशील माझी! नीट ऐक की!" त्याने शांतपणे तिसऱ्या टाइलवर पंजा ठेवला. वैतागून मी हातोडा त्याच्यामागच्या लोखंडी बादलीत फेकला. दणका माझ्याही कानांत शिरला. बाई तर किंचाळल्याच. त्याचा कान हललासुद्धा नाही. आणि मी सकाळपासून त्याच्यावर 'नीट ऐक' म्हणून कोकलत होतो!