सगळ्यांचं पान

सातवीच्या मुलांना एकाच ऑनलाइन पानावर, सगळ्यांनी मिळून लिहायला शिकवण्यात माझं अख्खं वर्ष गेलं. मुख्याध्यापकपदासाठी आम्ही दोघं उभे होतो, मी आणि शाळेतले ज्येष्ठ सर. सरांनी या पानाबद्दलच्या माझ्या अहवालावरचं माझं नाव पुसलं, स्वतःचं घातलं आणि तो निवड समितीकडे पाठवून मोकळे झाले.

मी विचारलं, तर हसून म्हणाले, “बाई, तुम्ही देवाधर्माचं माणूस, तुम्हाला खुर्चीचा मोह कशाला? उद्या मी सभागृहात समितीला पान दाखवीन. तुम्ही मुलांना कॉम्प्युटर रूममध्ये बसवा, म्हणजे झालं.”

“बरं,” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पानावर ओळ उमटली, “शाबास मुलांनो, रोजच्यासारखंच लिहा.” सर या पानावर कधी फिरकलेच नव्हते, त्यामुळे आत येताना आपलं नाव भरावं लागतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ओळीशेजारी नुसतं ‘पाहुणा’ असं दिसत होतं.

पहिल्या बाकावरची मुलगी कुजबुजली, “बाई, हा कोण पाहुणा? आपल्याला शाबास म्हणतोय.”

“मला कशाला विचारतेस, बाळा?” मी तिच्याइतक्याच हळू आवाजात म्हटलं. “त्यालाच विचार की. सगळ्यांनीच विचारा.”



सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर, समितीच्या डोळ्यांदेखत, छत्तीस मुलांनी लिहिलं, “आपण कोण? आमच्या वर्गात पहिल्यांदाच आलात का?”