डावखुरा शिक्का

या, जरा जवळ सरकून बसा. एका ओंडक्याने दिलेली साक्ष ऐकवायची आहे.

बंदरावर जहाज लागलं होतं. तपासनीस बाईंनी सही केली की लाकूड चढणार होतं. तोडीला परवानगी असली, की वनरक्षक लोखंडी हातोड्याने प्रत्येक ओंडक्यावर आपला शिक्का उठवतो. शिक्का नसेल तर माल चोरीचा. इथे एकूण एक ओंडक्यावर शिक्का होता, आणि तोही बाईंच्या वडिलांचा.

व्यापारी अगदी मागे येऊन उभा राहिला. "ताई, आता घरच्या शिक्क्यावरही संशय? जायच्या आधी त्यांनीच उठवून दिलाय. देवमाणूस होता."

बाईंनी शिक्क्यावरून बोटं फिरवली. हातोडा बाबांचाच होता, त्यात शंका नव्हती. पण बाबा डावखुरे. त्यांचा शिक्का कायम डावीकडे कललेला असायचा. आई थट्टा करायची, "सरळ माणसाचं तेवढंच एक वाकडं."

इथले सगळे शिक्के सरळ होते.

"करताय ना सही? जहाज खोळंबलंय."

"खोळंबू दे." बाईंनी पोलिसांना फोन लावला. "साहेब, माझे वडील गस्तीवरून परतले नाहीत, तेव्हा त्यांचा हातोडाही सापडला नव्हता. तो कुणाच्या हातात आहे, ते आज कळलं."

मायबापहो, देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या एका डावखुऱ्या हाताचीही आठवण ठेवा.