परतीचे आकडे

पंधरा दिवस झाले, धाकटा घरात माणसासारखा बोलत नव्हता. नुसत्या सूचना देत होता. पाणी किती प्यायचं, मोजे कसे चढवायचे, कोणी किती वाजता झोपायचं. लोकांना जिना चढवत नाही म्हणून या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची चूल पेटते, आणि हा निघाला होता डोंगर चढायला. तोही ऐरागैरा डोंगर नव्हे. ज्याचं चित्र काड्यापेटीवरसुद्धा सापडतं, तो. वर जायला म्हणे रांग लागते. रांग लागते म्हणजे सोपाच असणार, असं धाकट्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

बेताचा कागद त्याने फ्रिजवर चिकटवला होता. आई दुसरीपर्यंत शिकलेली, पण आकड्यांत तिला आजवर कोणी फसवलं नव्हतं. पहाटे तीनला निघायचं, सहाला खिंड, अकराला माथा. तिने कागद काढून उलटा करून पाहिला. मागे कोरा.

"उतरायचे आकडे कुठायत?"

उतरायला आकडे कशाला लागतात, ते आपोआप होतं, असं धाकटा म्हणाला.

आईने कागद कोरी बाजू वर करून परत फ्रिजवर चिकटवला. या शहरातल्या सात इमारती तिच्या डोक्यावरून वर गेल्या होत्या, विटांनी आणि घमेल्यांनी. बांधकामाच्या परांचीवरून पडलेल्या बायका तिने पाहिल्या होत्या. भरलं घमेलं घेऊन चढताना एकही नाही. सगळ्या रिकाम्या उतरताना.

रविवारी सकाळी तिने फर्मान काढलं. डोंगरावर जाणाऱ्या तिघांनी पाठीवर भरलेल्या पिशव्या घ्यायच्या, सहा मजले, दहा वेळा वर आणि दहा वेळा खाली. जिना झाला तर डोंगर, नाही तर सगळं सामान माळ्यावर. आणि स्वतः तिसऱ्या मजल्याच्या वळणावर स्टूल टाकून बसली.

पहिल्या तीन खेपा रुबाबात गेल्या. धाकटा पुढे, त्याच्या मागे त्याचा मेहुणा, सगळ्यांत शेवटी धाकट्याची बायको, आईची सून. मेहुणा टेम्पो चालवायचा आणि दम लागला की विनोद करायचा. चौथ्या खेपेला विनोद बंद पडले. पाचव्या खेपेला वरून धाकट्याची हाक आली, चला, चला, वेळ चाललाय. सून आईपाशी आली आणि कठडा धरून उभी राहिली.

आई मघापासून जिन्याच्या पोकळीतून वर बघत होती. पुढचे दोघे वर पोचून दम खायचे. ही पोचली, की ते उठून चालायला लागायचे. दम खाणं हिच्या वाट्याला येतच नव्हतं.

"आई, ह्यांना सांगू नका," सून म्हणाली. "मला घरी ठेवतील."

डोंगराचं खूळ मुळात तिचंच होतं. औषधांच्या दुकानात ती जिथे उभी राहायची, तिथे मागच्या भिंतीवर लग्नाआधीपासून त्या डोंगराचा फोटो होता. परवान्याचे अर्ज तिने भरले, रजा तिने जुळवून आणल्या. धाकट्याने फक्त पुढारीपण उचललं.

तेवढ्यात तोच खाली आला. बायकोकडे एकदा बघितलं आणि निकाल दिला: राहू दे, तू पुढच्या वर्षी ये. आम्ही दोघं जाऊन येतो, म्हणजे अकराचा माथा चुकायचा नाही. सुनेने वर पाहिलं नाही. पिशवीचा पट्टा सोडायला लागली.

"पट्टा सोडू नकोस," आई तिला म्हणाली. मग लेकाकडे वळली. "विटांच्या रांगेत हळू चालणारी बाई कोणी शेवटी ठेवत नाही. ती पुढे चालेल. तू शेवटी. आणि तिच्या पिशवीतलं पाणी तुझ्या पिशवीत घे."

उरलेल्या खेपा तशा झाल्या. सून पुढे. तिची चाल मुंगीची, पण मोडत नव्हती. सातव्या खेपेला मेहुण्याचे विनोद परत आले. धाकटा मागून पुटपुटत होता, अशाने वर्ष लागेल. दहाव्या वेळी तिघं एकदमच खाली आले. सुनेचा चेहरा लाल झाला होता आणि ती हसत होती. शेवटचं उतरताना तिसऱ्या मजल्याच्या वळणावर धाकट्याने हळूच कठडा धरला होता. आईने ते पाहिलं, आणि पाहिलंय हे त्याला कळेल असं पाहिलं.

घरात आल्यावर तो बूटसुद्धा न काढता कागद घेऊन बसला. सुनेच्या चालीने माथा अकराला येत नव्हता, एकला येत होता. आणि दुपारी वर ढग भरतात, मग उतरायची वाट दिसत नाही. हे त्यानेच सगळ्यांना पंधरा दिवस ऐकवलं होतं.

"मग दोन तास आधी निघा," आई म्हणाली. "आणि अकराला जिथे असाल तिथून माघारी फिरायचं. लिही."

त्याने निघायच्या वेळेतलं तीन खोडून रात्रीचं एक केलं. माघारीचं लिहिताना पेन थांबलं. सूनही दारात थांबली होती. इतक्या वर्षांचा फोटो तिचा होता.

"आणि माथा समोर दिसत असला तर?" धाकट्याने विचारलं. या वेळी आवाजात सूचना नव्हती. "दहा पावलं राहिली असली तर?"

"तर घरी येऊन सांग, दहा पावलं राहिली म्हणून," आई म्हणाली. "आजवर तुझं काही ऐकून घेतलं नाही मी. तेवढं ऐकून घेईन."