थांबव, वय बघ

"थांबव, आणि हिचं वय बघ," शामलाताई म्हणाल्या.

अश्लेषाने चिनी मालिका थांबवली. पडद्यावर नायिका फुललेल्या झाडाखाली डोळे मिटून उभी होती, आणि नायकाचे ओठ तिच्या कपाळापासून दोन बोटांवर अडकून पडले. गेले अडीच महिने हे असंच चाललं होतं. नेदरलँड्समधल्या लायडनच्या त्या लहानशा घरात अजून एकही चिनी चुंबन सलग पार पडलं नव्हतं. अश्लेषाने फोनवर शोधून आईला सांगितलं, मुलगी एकोणीस, मुलगा छत्तीस.

"मुलगा," शामलाताई म्हणाल्या. त्यापुढे आणखी काही बोलायची त्यांना गरज वाटली नाही.

शामलाताईंनी पुण्यात बावीस वर्षं वधूवर सूचक मंडळ चालवलं होतं. माणसाचं वय कळल्याशिवाय त्याच्या भावनांकडे वळायची त्यांना सवयच नव्हती. फोटोतली मान बघून त्या खरं वय सांगत, आणि चुकल्याच तर वर्षभरानं. लेकीकडे तीन महिने राहायला आल्या, तिने वेळ जावा म्हणून या मालिका लावून दिल्या, आणि चिनी लोकांची काही धडगत राहिली नाही. एका मालिकेतली आई प्रत्यक्षात आपल्या मुलापेक्षा चारच वर्षांनी मोठी निघाली, तेव्हा पुढचे दोन दिवस त्या तिच्याबद्दलच बोलत होत्या. एकोणीस वर्षांच्या पोरीला छत्तिशीच्या बाप्याच्या गळ्यात घालणाऱ्यांचा तर त्यांना मनापासून राग यायचा. तिचं कॉलेज कोण बघतं, चित्रीकरणाला तिच्यासोबत घरचं कुणी असतं का, याची त्यांना खरीच काळजी लागायची.

गेल्या पंधरवड्यात मात्र त्यांचा रोख बदलला. आता त्या स्वतःच शोधून वयानं मोठ्या नायिकांच्या मालिका लावायला सांगत. ती चौतीसची, तो चोवीसचा. भाग संपला की लेकीकडे वळून विचारत, तुला काय वाटतं? अश्लेषा सावधपणे सांगायची, छायाचित्रण छान आहे.

अश्लेषाला भीती वाटत होती. ती अडतीसची होती आणि सारंग एकतीसचा. दोघं सायन्स पार्कमधल्या एकाच लॅबमध्ये होते. सप्टेंबरमध्ये लग्न करायचं ठरलं होतं, नगरपालिकेत तारीखही घेऊन ठेवली होती. सारंगच्या घरच्यांनी नाशिकहून जानेवारीतच होकार कळवला होता. इथे मात्र तो चार वेळा जेवायला आला तो केवळ लॅबमधला सहकारी म्हणून, आणि खाली मान घालून जेवून गेला. शामलाताईंनी त्याला दर वेळी आग्रहानं तिसरी पोळी वाढली, पण त्यावरून काही ठरवता येत नव्हतं. त्या गॅसची तपासणी करायला आलेल्या डच माणसालाही पोळी वाढायला निघाल्या होत्या. तुझी आई जायच्या आत सांग, असं सारंग आता जरा चिडूनच म्हणू लागला होता.

शामलाताईंचं परतीचं विमान रविवारी होतं.

शामलाताईंनी चारशेच्या वर लग्नं जमवली होती. लेकीचं पहिलं लग्नही त्यांनीच जमवलं. वयात तीन वर्षांचं अंतर, उंची, शिक्षण, पत्रिका, सगळं अगदी मापात बसलेलं. ते दोन वर्षांत मोडलं. त्यानंतर त्यांनी लेकीसमोर लग्नाचा विषय म्हणून काढला नाही. नऊ वर्षांपूर्वी अश्लेषाचे वडील गेले, आणि दोघींमध्ये न निघणारे विषय आणखी वाढले. या तीन महिन्यांत चिनी मालिकांच्या निमित्तानं का होईना, आई पुन्हा बोलायला लागली होती. आईचा विरोध अश्लेषानं सोसला असता. आईचं पुन्हा गप्प होणं तिला सोसवणार नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी खिडकीत अजून लख्ख ऊन होतं. मालिकेत चौतीस वर्षांच्या नायिकेच्या घरचे सगळे गोल टेबलाभोवती जमून तिच्या चोवीस वर्षांच्या प्रियकराला नाही म्हणत होते. काका नाही म्हणाले, मावशी नाही म्हणाली. या वेळी शामलाताईंनी स्वतः रिमोट घेतला आणि चित्र थांबवलं. कुणाचंही वय विचारलं नाही.

"समज, त्या घरात तू बसलेली असतीस," त्या पडद्याकडे बघतच म्हणाल्या. "तू काय म्हणाली असतीस?"

आईला कळलेलं आहे आणि आई आपल्याला बोलतं करते आहे, हे अश्लेषाला तेव्हा उमगलं. छायाचित्रणावर आता भागणार नव्हतं.

"मी म्हटलं असतं, वयं काय बघताय. ती किती दिवसांनी हसतेय ते बघा," ती म्हणाली, आणि धीर सुटायच्या आत पुढचंही बोलून टाकलं. "आई, सारंग माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहे. आम्ही सप्टेंबरमध्ये लग्न करतोय."

अश्लेषा रिमोटवरच्या आईच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग शामलाताईंनी पदरानं डोळे टिपले, लेकीला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना इतकं हलकं झालेलं अश्लेषानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आईला आपल्यासाठी एवढा आनंद व्हावा, याचं तिला आश्चर्य वाटलं आणि भरूनही आलं.

"अगं, मग आमचं तर काहीच नाही," शामलाताई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाल्या. "आमच्या वाचनालयातले जोगळेकर माझ्याहून सहाच वर्षांनी लहान आहेत."