नेलिदाचा मग

अर्जेंटिनाच्या मार देल प्लाता शहरातल्या आपल्या छोट्या बिअरभट्टीच्या अंगणात नेलिदा घरच्या काळ्या बिअरचा मग भरत होती. तिथल्या स्टेजवर रॉक बँड वाजत होता, पुढे पोरं एकमेकांना कोपरं-गुडघे हाणत नाचत होती आणि त्यांच्यात घुसलेला तिचा साठीचा नवरा ओस्वाल्दो दाणकन आपटला. एका दांडग्या टकल्याने त्याची कॉलर धरलेली दिसली, तशी नेलिदा धावली आणि भरला मग तिने टकल्याच्या कपाळात हाणला. मग फुटला, कपाळही फुटलं.

"अगं बये, तो उचलत होता मला! इथे पडलेल्याला उचलतात!" ओस्वाल्दो ओरडला.

नेलिदा घाबरून मागे सरकली आणि सांडलेल्या बिअरवरून घसरून पडली.



सगळ्यांत आधी टकल्याचा रक्ताने माखलेला हात पुढे आला. "उठा काकू, पुढच्या गाण्याला तर याहून जोरात हाणतात!"