दोनशे पंचावन्न

बाराही आकडे पुन्हा दोनशे पंचावन्नच आले. संयोगिताने कपाळाला हात लावला. उद्या सकाळी आईचं ऑपरेशन होतं आणि हातात आजची दुपार तेवढी उरली होती.

आईच्या, विजयमालाबाईंच्या घशातली गाठ काढताना स्वरयंत्रही काढावं लागणार होतं. डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. उद्यापासून आईला आवाज नाही. आणि आप्पांना, म्हणजे तोफखान्यात कान गमावून बसलेल्या सुभेदार मानसिंगांना, तो आवाज धड ऐकू येत नव्हता. त्यांच्या कानातलं मशिन दीड वर्ष कुरकुरत होतं. ते बनवणारी कंपनी बुडाली होती. नवं घ्यायला आप्पा तयार नव्हते, कान तपासायलासुद्धा नाही. "हाय ते बरं हाय," एवढंच म्हणायचे. वडूजहून दोघं लेकीकडे सांगलीला विश्रामबागेत आले, तेव्हा आई ओरडून ओरडून घसा आणखीच खरवडून घेत होती. आईचा आवाज जाण्याआधी आप्पांनी तो एकदा नीट ऐकावा, एवढीच संयोगिताची धडपड होती.

ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. मशिनचा आवाज वाढवायचं सॉफ्टवेअर सांगलीतल्या एका दुकानाच्या जुनाट लॅपटॉपवरच राहिलं होतं. ते सॉफ्टवेअर मशिनमधले आकडे वाचायचं आणि पडद्यावर काही दाखवायच्या आत बंद पडायचं. मग तिने यूएसबीच्या तारेतून ये-जा करणारे आकडेच टिपून घेतले. कुठला आकडा कशाचा, हे सांगणारं कोणी नव्हतं. तीन आठवडे ते उलगडत तिने मशिनमधलं वाचणारा स्वतःचा प्रोग्राम, ड्रायव्हर, लिहिला. जाड-बारीक आवाजांच्या बारा पट्ट्यांचे बारा आकडे असावेत, इथवर ती पोचली होती. पण बाराही सारखे कसे? तारेतून काहीच वाचलं गेलं नाही तरी दोनशे पंचावन्नच दिसतात. म्हणजे आपलंच चुकतंय, असं धरून ती रोज सगळं मोडून पुन्हा लिहायची.

दुकानातला धवल दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं तसलंच मशिन घेऊन आला. तिने जोडलं. चाळीस, बासष्ट, पंचाहत्तर. बारा आकडे, बारा तऱ्हेचे. म्हणजे ड्रायव्हर बरोबर होता, पहिल्या आठवड्यापासूनच. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

या मशिनमध्ये दोनशे पंचावन्नच्या वर आकडा नसतो. आप्पांचं मशिन आधीच होता नव्हता तेवढ्या आवाजावर होतं. शेजारच्या आकड्यांतून तारीखही निघाली. दीड वर्षापूर्वी कोणीतरी ते तिथवर चढवलं होतं.

आप्पा गॅलरीत बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"आप्पा, मशिन चांगलं हाय. तुमास्नी कायच ऐकू येत न्हाई न्हवं?"

आप्पा तिच्या तोंडाकडे बघत होते.

"मीच सांगलीला जाऊन वाढवून आणलं हुतं. काय उपेग न्हाई झाला. तवापास्नं व्हट बघून भागवतो. तुझ्या आईला कळलं असतं, तर ती बोलायचीच थांबली असती." मग म्हणाले, "तिला सांग, मशिन नीट झालं."

संयोगिताला रडू आवरेना. तरी तोंड धुऊन ती आत गेली आणि तिने आईला तसंच सांगितलं.

विजयमालाबाईंना केवढा आनंद झाला. त्या लगबगीने गॅलरीत आल्या, आप्पांच्या बाजूला बसल्या. "आवं," त्या एरवीसारख्या ओरडणार होत्या, पण थांबल्या. आता ओरडायचं कारण नव्हतं. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात टेकला, तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि अगदी हलक्या आवाजात कितीतरी वेळ बोलत राहिल्या. दारात उभ्या संयोगिताला त्यातला एक शब्द ऐकू गेला नाही.

आप्पांना बायकोचे ओठ दिसत नव्हते. समोरच्या भिंतीकडे बघत ते म्हणत होते, "व्हय... व्हय."